फोन खुला असावा, क्रमांक जिवंत असावा

रमजानचा शेवटचा आठवडा म्हणजे आम्हा कापडवाल्यांची सुगी. त्या गर्दीत एक दिवस माझ्याकडून नेहमी शर्टिंगचे तागे नेणारा एक तरुण टेलर दुकानात आला. हातात चकचकीत फोन, पण चेहरा उतरलेला. म्हणाला, "चाचा, भावाने जहाजावरून सुटीला येताना अमेरिकेतून हा सेकंडहँड फोन आणला. आपले सिम घातले तर घेतच नाही. बाजारात एक जण म्हणतो, दीड हजार द्या, सॉफ्टवेअर मारून देतो. देऊ का?"

मी म्हटले, "बेटा, आधी बस. पैसे देऊ नकोस."

मी काही मोबाईल दुरुस्तीवाला नाही. माझा सारा कारोबार कापडाचा. पण आज सुरत, भिवंडी, इचलकरंजीची ऑर्डर फोनवर, गिऱ्हाईकाचे पैसे फोनवर आणि बँकेचा निरोपही फोनवर. ज्या जिन्नसावर दुकान चालते त्याची पारख दुकानदाराला असलीच पाहिजे. म्हणून चौकशी करून, काही ठेचा खाऊन जे समजले ते व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी येथे देत आहे.

बांधलेला फोन म्हणजे काय?

फोन दोन प्रकारचे असतात. एक खुला, म्हणजे ज्यात कोणत्याही कंपनीचे सिम चालते. दुसरा बांधलेला, म्हणजे ज्या कंपनीने विकला त्याच कंपनीचे सिम घेणारा. यालाच बाजारात 'लॉक' फोन म्हणतात. अमेरिकेसारख्या देशांत मोबाईल कंपन्या महागडा फोन हप्त्यांवर किंवा कमी किमतीत देतात आणि हप्ते फिटेपर्यंत गिऱ्हाईक पळू नये म्हणून फोनला कुलूप घालतात. यात फसवणूक नाही, तो त्यांचा सौदा असतो. फसतो तो ज्याला हे कुलूप न सांगता फोन विकला जातो तो तिसरा माणूस.

आपल्या देशात मोबाईलचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीतील दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. फोन मात्र बहुतेक खुलेच विकले जात, कारण गिऱ्हाईक पूर्ण किंमत मोजूनच घेई.

कुलपाचा अनुभव आपल्याला दोनदा आला. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घरी न्या, बाकी हप्त्यांनी द्या अशी योजना आणली. ते सीडीएमए पद्धतीचे फोन होते आणि क्रमांक फोनच्या आतच भरलेला असे. सिम काढून दुसरे घालण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे ती सेवा बंद झाली आणि घरोघरचे ते फोन मुलांची खेळणी बनले. दुसरा अनुभव २०१७ च्या जिओफोनचा. १५०० रुपये अनामत घेऊन दिलेल्या त्या फोनमध्ये जिओचेच सिम चाले. स्वस्त फोन मिळाल्याने गरिबांचा फायदा झाला हे खरे, पण कंपनी बदलायची तर फोनही बदलावा लागे. स्वस्ताईची किंमत कुठेतरी मोजावीच लागते.

परदेशातून आलेला फोन

रत्नागिरी जिल्ह्यात आखातातून किंवा जहाजावरून आलेला फोन नाही असा मोहल्ला सापडणे कठीण. तेव्हा हा भाग जरा सविस्तर पाहू.

आखाती देशांत दुकानात रोख घेतलेला फोन बहुधा खुला असतो. ब्रिटनमध्ये तर बांधलेले फोन विकण्यास डिसेंबर २०२१ पासून बंदी आहे. खरी खबरदारी घ्यावी लागते ती अमेरिकेच्या फोनबाबत, त्यातही सेकंडहँड फोनबाबत. पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दुसऱ्या कंपनीचे सिम घालून कॉल लावून पाहावा. याहून सोपी आणि पक्की कसोटी नाही. आयफोन असल्यास सेटिंगमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडावे. तेथे कॅरियर लॉकपुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असे लिहिलेले असेल तर फोन खुला समजावा.

दुसरी, सॅमसंगच्या काही फोनांवर देशाचे बंधन असते. नवा फोन प्रथम ज्या भागासाठी बनला तेथील सिमवर चालवून काही मिनिटे कॉल करावा लागतो, मग तो इतरत्र चालतो. खोक्यावर तशी चिठ्ठी असते. तेव्हा भावाला किंवा मुलाला सांगावे की सीलबंद खोके आणण्याची हौस नको, तेथेच चालू करून चार कॉल करून आण.

तिसरी गोष्ट नवी आहे. अमेरिकेत २०२२ पासून विकले जाणारे आयफोन सिमच्या खाचेशिवाय येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ बाबत तर सौदी अरेबिया, अमिरात, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन येथेही हीच पद्धत झाली. अशा फोनमध्ये प्लास्टिकचे सिम घालताच येत नाही. कंपनीकडून ई-सिम घ्यावे लागते, म्हणजे क्रमांक फोनमध्येच उतरवला जातो. आपल्याकडे जिओ, एअरटेल आणि व्ही ही सोय देतात. पण फोन बिघडला की सिम काढून जुन्या फोनमध्ये घालण्याची मुभा राहत नाही. दुकानाचा क्रमांक अशा फोनमध्ये टाकण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

चौथी, फोन खुला असला तरी आपल्या हवेत तो चालेल असे नाही. कापडाच्या भाषेत सांगतो. रंग पसंत पडला, पोत उत्तम आहे, पण पन्हा कमी असेल तर कुर्ता निघत नाही. फोनचा पन्हा म्हणजे त्याला कोणत्या लहरी पकडता येतात ते. आपल्याकडे फोर-जी सेवेसाठी जिओ ८५०, १८०० आणि २३०० या लहरी वापरते. एअरटेल ९००, १८००, २१०० आणि २३०० वर आहे, तर व्ही प्रामुख्याने ९००, १८००, २१०० आणि २५०० वर. बीएसएनएलचे फोर-जी ७०० आणि २१०० वर उभे आहे. फाइव्ह-जीसाठी जिओ व एअरटेल ३३०० ची लहर वापरतात आणि जिओ त्याबरोबर ७०० ची. फोनचा मॉडेल क्रमांक घेऊन त्याच्या माहितीपत्रकात हे आकडे आहेत का ते शाळेत जाणारा मुलगाही पाहून देईल.

शिवाय जिओकडे जुनी टू-जी सेवा नाही. तिथे बोलणेसुद्धा फोर-जीवरूनच होते. परदेशी फोनला ती सोय आपल्या कंपनीवर चालत नसेल तर इंटरनेट दिसेल पण कॉल लागणार नाही. म्हणून तपासताना नुसते इंटरनेट पाहून समाधान मानू नये. कॉल करावा आणि घ्यावा.

कुलूप कोणी उघडावे?

ज्याने घातले त्याने. हप्ते फिटले असतील आणि अटी पूर्ण झाल्या असतील तर मूळ कंपनी फोन खुला करून देते. अमेरिकेत २०१४ साली झालेल्या कायद्याने गिऱ्हाईकाला हा हक्क मोकळा केला आहे. अर्ज मात्र मूळ खरेदीदाराच्या खात्यातून जावा लागतो. आमच्या टेलरने भावाला निरोप दिला, भावाने तेथील विक्रेत्याला गाठले, तेव्हा समजले की फोनचे हप्तेच बाकी होते. विक्रेत्याने अर्धे पैसे परत केले आणि अर्ध्यावर पाणी सोडावे लागले. नुकसान झाले, पण ते तेवढ्यावरच थांबले.

कारण बाजारात 'सॉफ्टवेअर मारतो' म्हणणारे काही जण फोनचा आयएमईआय क्रमांकच बदलून टाकतात. हा पंधरा आकडी क्रमांक म्हणजे फोनची जन्मनोंद. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तो बदलणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असा फोन जवळ सापडला तर 'मला माहीत नव्हते' हे सांगत कोर्टकचेरीच्या पायऱ्या चढण्याची वेळ येईल. दीड हजाराच्या कामासाठी आयुष्याची इज्जत पणाला लावू नये.

आयएमईआय पाहण्यासाठी फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबावे. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक दिसतात. ते खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावेत. मग इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोन कोणत्या कंपनीचा, कोणते मॉडेल आणि तो काळ्या यादीत आहे काय हे उत्तरात कळते. १६ मे २०२३ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'संचार साथी' संकेतस्थळावरही हे पाहता येते. आपला फोन हरवला तर पोलीस तक्रारीची नक्कल जोडून तो तेथेच बंद करवता येतो. म्हणून बिल जपून ठेवावे. आम्ही गिऱ्हाईकाला पक्के बिल मागण्याचा हक्क देतो, तो हक्क स्वतः गिऱ्हाईक झाल्यावर विसरतो.

प्रीपेडचा हिशोब

फोन खुला असला की कंपनी निवडण्याचे स्वातंत्र्य आपले. आता प्रीपेडकडे वळू. आगाऊ पैसे भरा आणि वापरा, ही पद्धत आम्हा व्यापाऱ्यांना पटते. महिनाअखेर अचानक मोठे बिल येत नाही. पण यात एक बारीक मेख आहे ती मुदतीची.

२८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे तेरा प्लॅन बसतात. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपये झाला. त्या दराने तेरा वेळचे ३८८७ रुपये होतात. बारा महिने समजून चालणारा ३५८८ धरतो आणि २९९ रुपये कुठे गेले ते त्याला कळत नाही. दुकानात तीन फोन असतील तर सुमारे नऊशे रुपये. म्हणून दोन प्लॅनची तुलना करताना किमतीला दिवसांनी भागावे. आम्ही ताग्याची किंमत मीटरवर आणून बोलतो, तसेच हे.

'ट्राय' या नियामक संस्थेने २०२२ साली कंपन्यांना ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या ठराविक तारखेला येणारा एक असे प्लॅन ठेवण्यास सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. नुसते बोलणे आणि एसएमएस असलेला, इंटरनेट नसलेला प्लॅन ठेवणे बंधनकारक झाले आणि अशा खास व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस झाली. मिरकरवाड्याच्या बंदरावर साधा बटणांचा फोन वापरणारे खलाशी, घरातील वयस्कर मंडळी, सिम जपून ठेवू इच्छिणारे, या सर्वांसाठी हे उपयोगी आहे. पण दुकानदार आपणहून असा प्लॅन पुढे करीलच असे नाही. मागावा लागतो.

माझीच गफलत सांगतो. एका वर्षी ऐन ईदच्या आदल्या सकाळी माझा प्लॅन संपला. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावतो तर लागत नाही. गठ्ठे गोदामात आणि गिऱ्हाईक दुकानात. कोणाला दोष देणार? तारीख मीच लिहून ठेवली नव्हती. तेव्हापासून उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर रिचार्जची तारीख लिहितो.

क्रमांक मेला तर?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ कुवेतला नोकरीस आहेत. इथले सिम कपाटात ठेवून गेले. सात महिन्यांनी मुलीच्या निकाहसाठी परतले तेव्हा क्रमांक बंद झाला होता. बँकेत पैसे होते, पण हलवायचे तर ओटीपी त्याच क्रमांकावर जाणार. त्यांनी तो क्रमांक माझ्यासमोर लावला. पलीकडून एक बाई अदबीने म्हणाल्या, "राँग नंबर भाऊ, हा क्रमांक आता माझा आहे." सतरा वर्षे ज्या क्रमांकावर लोकांनी त्यांना ओळखले तो असा गेला. पासबुक, आधार आणि पासपोर्ट घेऊन शाखेत खेटे घातल्यावर नवा क्रमांक जोडला गेला, पण त्यात दोन आठवडे गेले. लग्नाचे कापड मी उधारीवर दिले. ते म्हणाले, "भाई, कमाई माझी, पैसे माझे, आणि हात मात्र रिकामे." हे वाक्य मी विसरलो नाही.

नियम असा आहे. प्रीपेड क्रमांकावर सलग ९० दिवस कॉल, एसएमएस, इंटरनेट असा कोणताच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल तर २० रुपये कापून ३० दिवसांची मुदत वाढते आणि शिल्लक पुरेल तोवर हे चालू राहते. येथे शिल्लक म्हणजे टॉकटाइमची रक्कम, प्लॅनमधील इंटरनेट नव्हे. शिल्लक संपून क्रमांक बंद झाला तरी १५ दिवसांत २० रुपये भरून तो परत चालू करता येतो. त्यानंतर आशा धरू नये. बंद झालेला क्रमांक काही काळ पडून राहतो आणि निदान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग बँकेचा निरोप त्या परक्या माणसाच्या हाती. १ एप्रिल २०२५ पासून बँका आणि यूपीआय ॲपना असे बंद व बदललेले क्रमांक आपल्या नोंदीतून वेळोवेळी काढण्याचे आदेश आहेत, पण आपली अमानत आपणच सांभाळावी हे बरे.

परदेशी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एवढे करावे. लांब मुदतीचा साधा प्लॅन भरावा आणि थोडा टॉकटाइमही ठेवावा. रोमिंग सेवा येथूनच चालू करून घ्यावी आणि परदेशात एसएमएस घेण्यास काय दर पडतो ते विचारावे. दोन सिमचा खुला फोन असल्यास एका बाजूला इथले, दुसऱ्या बाजूला तिथले सिम ठेवावे आणि अधूनमधून एखादा एसएमएस पाठवावा. एनआरई किंवा एनआरओ खाते असलेल्यांना सौदी, अमिरात, कतार, ओमान इ. देशांच्या क्रमांकावरूनही यूपीआय वापरण्याची सोय २०२३ पासून मिळाली आहे. आपली बँक ती देते का, विचारून घ्यावे.

कंपनी बदलायची तर

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, आणि ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला क्रमांक टाकून १९०० वर एसएमएस करावा. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधारसह जावे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत. १ जुलै २०२४ पासून नियम असा की सिम बदलून घेतल्यावर सात दिवस हा कोड मिळत नाही, कारण ठग लोक दुसऱ्याच्या नावे सिम काढून क्रमांक पळवत. हा कोड फोनवर कोणालाही सांगू नये.

जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि शिल्लक नव्या कंपनीत जात नाही. म्हणून प्लॅन संपत आला की बदल करावा आणि तोही सणासुदीच्या तोंडावर नको.

कोणती कंपनी चांगली, असे मला बरेच जण विचारतात. आपल्या डोंगरदऱ्यांच्या मुलुखात याचे एक उत्तर नाही. बाजारात जी सेवा उत्तम ती खाडीपलीकडच्या गावात चालेलच असे नाही. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले, ते आपल्या गावात कसे चालते हे गावातच कळेल. शेजाऱ्याचे सिम घेऊन घरात, दुकानात आणि येण्याजाण्याच्या रस्त्यावर, तिन्ही ठिकाणी कॉल लावून पाहावा. पावसात वीज गेल्यावर टॉवर किती वेळ तग धरतो हेही विचारावे. मी स्वतः दोन कंपन्यांची सिमे ठेवतो. जुना क्रमांक बँकेला आणि गिऱ्हाइकांना दिलेला, तो कधी बदलत नाही. दुसरे इंटरनेटपुरते, जिथे सौदा पटेल तिथले.

एका माणसाच्या नावे नऊपर्यंत सिम असू शकतात. आपल्या आधारवर कोणी परस्पर सिम काढले आहे काय हे संचार साथीवर पाहता येते आणि अनोळखी क्रमांक तेथेच कळवता येतो. दुकानातील कामगारांसाठी मालकाने आपल्या नावे सिम घेतले असेल तर कामगार सोडून जाताना ते परत घ्यावे. त्यावरून काही भानगड झाली तर विचारणा मालकाकडे होते.

तो टेलर आता साधा, येथेच पक्क्या बिलाने घेतलेला फोन वापरतो. मापे घेतो, कपड्याचा फोटो पाठवतो, पैसे घेतो. परवा दुकानात आला तेव्हा म्हणाला, "चाचा, चमक कमी आहे, पण सिम कोणतेही घाला, बोलतो." आणि ते कुवेतचे गृहस्थ पुन्हा जाताना वर्षाचा प्लॅन भरून, त्याची तारीख माझ्या वहीत लिहवून गेले आहेत. आपल्या घरातील कोणी परदेशी असेल तर त्याच्या क्रमांकाची मुदत आजच पाहून घ्यावी.